ताप उतरला होता : मूल गेल्यावर नवरा-बायकोच्या मध्ये काय येऊन बसतं

‘सकाळी नेऊ.’

हे दोन शब्द मी एका पावसाळी रात्री बोललो. आमची धाकटी तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेच्या हजेरीत नाव वेगळं, घरात ती ‘बाय’च. चार दिवस ताप होता. चौथ्या रात्री तो खाली आला. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज गेली होती आणि मोठं इस्पितळ आमच्या गावापासून दीड तासावर. सकाळी नेलं तेव्हा उशीर झाला होता. डेंग्यू. डॉक्टरांनी दोन दिवस शर्थ केली. गणेश चवथीला अकरा दिवस उरले असताना ती गेली.

तिच्याबद्दल लिहायला अजून माझा हात उचलत नाही. लिहितोय ते तिच्यामागे उरलेल्या आम्हा दोघांबद्दल, आणि आमच्यासारख्या इतरांबद्दल. मूल गेलं की घरात दुःख येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या दुःखाचं बोट धरून टोचणी येते, आणि ती नवरा-बायकोच्या मधोमध अंथरूण घालते, हे आधी कुणी सांगत नाही. आठ वर्षं आम्ही एका छपराखाली दोन बिऱ्हाडं केल्यासारखे राहिलो. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. ‘जेवलात का’, ‘गॅस संपला’, ‘बिल भरलं’ एवढं बोलणं रोज व्हायचं. माणसाला वाटतं प्रेम आटलं. ते आटलेलं नसतं, हे मला फार उशिरा कळलं. पुढे या विषयावर मिळेल ते वाचलं, आणि गेली काही वर्षं मूल गमावलेल्या जोडप्यांबरोबर बसतो, त्यांचं ऐकतो. त्यातलं जे समजलं ते सोपं करून सांगतो. ज्यांची उदाहरणं दिली आहेत त्यांची ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

मन दोष स्वतःकडे का ओढतं

मृत्यूनंतर मन हिशेब मांडायला बसतं. त्या दिवशी तिला शाळेत पाठवलं नसतं तर. परसातल्या टायरात पाणी साचलं होतं, ते वेळीच ओतलं असतं तर. रात्रीच गाडी काढली असती तर. या ‘जर-तर’चा मानसशास्त्रात बराच अभ्यास झालेला आहे. त्यातली एक गोष्ट मला लगेच पटली: मन हटकून अशीच कडी शोधतं जी आपल्याला बदलता आली असती. पाऊस बदलता येत नाही, डास कुठला चावला ते कळत नाही, रस्ता लांबचा तो लांबचाच. आपला निर्णय तेवढा बदलता आला असता. म्हणून मागे दहा कारणं असली तरी सगळा भार त्या एका निर्णयावर येऊन पडतो.

शिवाय दोष घेण्यात एक विचित्र आधार असतो. ‘माझ्यामुळे झालं’ हे जीवघेणं आहे, पण ‘माझ्या हातात काहीच नव्हतं’ हे त्याहून भयंकर वाटतं. माझी चूक होती म्हटलं की जग निदान कळण्यासारखं राहतं. पुढच्या खेपेला चूक टाळली की उरलेलं मूल वाचेल, अशी आशा राहते. थोरला मुलगा शिंकला तरी मी गाडीची किल्ली घेऊन दारात उभा राहायचो. मी दोष का सोडत नव्हतो याचं उत्तर त्या किल्लीत होतं.

आणि मग मन आठवणही फिरवतं. १९७५ साली बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज-गुरखा लढाईचा वृत्तांत त्याने लोकांना वाचायला दिला. काहींना सांगितलं की इंग्रज जिंकले, काहींना सांगितलं की गुरखे जिंकले, काहींना आणखी वेगळा शेवट सांगितला. वृत्तांत तोच. पण ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच होणार हे आधीपासून बऱ्यापैकी दिसत होतं असं वाटलं. निकाल कळल्यावर मागचा रस्ता सरळ दिसू लागतो. त्या रात्री आमच्यापुढे मात्र सरळ रस्ता नव्हता. आमच्यापुढे चार दिवसांचा ताप होता, जो उतरत होता.

इथे विषय सोडून एक सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डेंग्यूत ताप उतरतो तो काळच कधीकधी सगळ्यांत धोक्याचा असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप खाली येतो, आणि काही रुग्णांत नेमक्या तेव्हाच रक्तातला पातळ भाग रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपू लागतो. पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जपायचे असतात. पोटात जोराने दुखणं, सारख्या उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, मूल गळून जाणं किंवा उगाच तळमळणं, यातलं काही दिसलं तर ताप नसला तरी थांबू नये, त्याच घडीला न्यावं. आपल्याकडे दर पावसाळ्यात ही साथ असते. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या आपण एवढंच शिकलो की ताप उतरला म्हणजे देव पावला.

दोन माणसं, एक फेरीबोट

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, असं अनेकांनी ऐकलेलं असतं. नाकारणं, राग, सौदा, खचणं, स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ही मांडणी केली ती मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ती नंतर चिकटली. एक पायरी संपली की दुसरी, असं दुःख चढत नाही. ज्यांनी ते भोगलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मला जास्त उपयोगी पडलं ते नेदरलँड्समधल्या मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक स्खुट यांचं १९९९ मधलं म्हणणं. ते म्हणतात, दुःखातलं माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतं. एका टोकाला गेलेलं माणूस: त्याचे कपडे, फोटो, रडणं, तीच रात्र पुन्हा पुन्हा. दुसऱ्या टोकाला उरलेला संसार: पगार, रेशन, मुलाची परीक्षा, गळकं छप्पर. एकाच टोकाला कायम बसून राहणं बरं नाही. जाणं-येणं हीच प्रकृती.

मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गोव्यातली, मांडवी नदीवरची रायबंदर-चोडण फेरीबोट आली. दिवसभर या काठावरून त्या काठावर. आता असं समजा की नवरा-बायको दोघांच्या दोन वेगळ्या बोटी आहेत आणि त्यांच्या वेळा जुळत नाहीत. मी संसाराच्या काठावर, कौलं चाळतोय, गवंड्याशी हुज्जत घालतोय. ती त्याच वेळी बायच्या दप्तरापाशी. तिला वाटतं, हा विसरला. तासाभराने ती उठून भाजी चिरायला लागते, शेजारणीशी दोन शब्द बोलून किंचित हसतेसुद्धा. तेव्हा मी बायचे बूट बघून कोलमडलेला असतो आणि मनात म्हणतो, हिला हसू कसं येतं? खरं तर दोघंही त्याच नदीत फेऱ्या मारत असतात. फक्त भरपाण्यात एकमेकांना ओलांडून जातात.

यात भर पडते ती दुःख करायच्या रीतीची. केनेथ डोका आणि टेरी मार्टिन या अभ्यासकांनी हा फरक नीट मांडला आहे. काही माणसं दुःख भावनेतून बाहेर काढतात, रडतात, बोलतात. काही माणसं ते हाताने काढतात: काहीतरी बांधतात, दुरुस्त करतात, कागदपत्रांच्या मागे लागतात. पुरुष बहुधा दुसऱ्या तऱ्हेत आणि बायका पहिल्या तऱ्हेत सापडतात, पण तसा नियम नाही, आणि बरीच माणसं मधे कुठेतरी असतात. आमच्या घरी मी हाताने दुःख करणारा.

चवथीचंच सांगतो. बाय गेली त्या वर्षी घरी गणपती आणला नाही. पुढच्या वर्षी आणला. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे गणपतीवर माटोळी असते: लाकडी चौकट, तिला केवणीच्या दोराने रानातली फळं-फुलं बांधतात, सुपारीचे घोस, नारळ, चिबूड, तोरिंग, आणि लालभडक कवंडाळं. बायला कवंडाळाला हात लावायचा असायचा, आणि तो पोचायचा नाही. म्हणून दरवर्षी एक कवंडाळ मी लांब दोरीला, कडेला, खाली सोडून बांधायचो. ते तिचं. ती गेल्यावर पहिल्या माटोळीलाही मी तसंच एक खाली बांधलं. कुणाला काही बोललो नाही. दुपारी बायको आरतीचं ताट घेऊन आली, कवंडाळ तिच्या कपाळाला लागलं. तिने दोरी सोडली आणि ते वर घेऊन बांधलं. मला वाटलं, हिला बायची खूणसुद्धा नको झाली. तिला वाटलं असणार, यांचं कशात लक्ष नाही, एक गाठ धड मारता येत नाही. पुढची सहा-सात वर्षं हेच. मी खाली बांधायचो, ती वर घ्यायची.

सांभाळून घेण्याची किंमत

आता या लेखातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. नवरा-बायको गप्प का बसतात? राग म्हणून गप्प बसणारे असतात, नाही असं नाही. पण मी ज्यांच्याबरोबर बसलो त्यांतले बहुतेक जण समोरच्याला त्रास होऊ नये म्हणून गप्प होते. ‘मी रडलो तर ती आणखी ढासळेल.’ ‘मी तिचं नाव काढलं तर यांचं बीपी वाढेल.’ हे प्रेमच आहे. आपल्याकडे तर शहाण्या माणसाचं लक्षणच हे: स्वतःचं गिळून दुसऱ्याला सांभाळायचं.

याच सांभाळण्याचा अभ्यास नेदरलँड्समध्ये झाला, त्यातही श्ट्रोबे आणि स्खुट होते. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मूल गमावलेली २१९ जोडपी. मूल गेल्यानंतर ६, १३ आणि २० महिन्यांनी त्यांना प्रश्न विचारले. जोडीदारासाठी आपलं दुःख दाबून धरणाऱ्यांचं काय होतं, हे पाहायचं होतं. दिसलं ते असं: जो दाबून धरतो त्याचं स्वतःचं दुःख वाढतं, आणि ज्याच्यासाठी दाबून धरलं, त्या जोडीदाराचंही वाढतं. ज्याला वाचवायला गेलो, तोच जास्त बुडाला.

असं का व्हावं? दाबून धरायला ताकद लागते. दिवसभर चेहरा सांभाळणाऱ्या माणसाकडे दुसऱ्याचं ऐकायला जीव उरत नाही. आणि समोरच्याला फक्त बंद दार दिसतं. दाराआड आपल्यासाठीच कुणीतरी हुंदका गिळतंय, हे दारातून कसं दिसणार?

त्यात टोचणी असेल तर गप्प बसण्याला वेगळाच अर्थ येतो. ज्याच्या मनात ‘माझ्यामुळे झालं’ असतं, त्याला जोडीदाराचं प्रत्येक मौन आरोपपत्रासारखं वाटतं. माझी बायको ताटात भात वाढून आत गेली की मला ऐकू यायचं: ‘तुम्ही सकाळी नेऊ म्हणालात.’ ती तसं एकदाही म्हणाली नव्हती. आठ वर्षांत एकदाही नाही. पण मी रोज ऐकत होतो, आणि रोज ऐकून ऐकून मला तिचा राग येऊ लागला. जी शिक्षा तिने दिलीच नव्हती, ती भोगून मी तिच्यावर रुसलो होतो. अपराधी माणूस असा वागतो. तो क्षमा मागायला जवळ येत नाही, तो नजर चुकवतो, उशिरापर्यंत बाहेर राहतो, घरी आला की चिडचिड करतो. बाहेरून बघणाऱ्याला तो बेफिकीर दिसतो.

अंथरुणातली गोष्ट

यावर बोलायला संकोच वाटतो, पण गाळलं तर लेख खोटा होईल. मूल गेल्यावर शरीरसंबंधांवर मोठा ताण येतो. एकाला जवळ घेण्यात आधार वाटतो, आपण अजून जिवंत आहोत याची खूण वाटते. दुसऱ्याला त्याच क्षणी स्वतःची किळस येते: लेकरू गेलं आणि आपल्याला हे सुचतंय? ज्या शरीरातून ते मूल आलं, त्याच शरीराला सुख द्यायचं हे अनेक आयांना सहन होत नाही. एक जण म्हणतो, ‘तिला मी नकोसा झालो.’ दुसरी म्हणते, ‘यांना फक्त तेवढंच हवं.’ दोन्ही गैरसमज. सुख घेण्याचीच मनाई ही टोचणी करते, आणि ती जेवणापासून सिनेमापर्यंत सगळ्याला लागू होते. गोड खाल्लं तरी घशात अडकतं. अशा वेळी नुसता हात हातात धरून झोपणं, पुढे काही होणार नाही हे आधी सांगून, पुष्कळांना जमलं आहे. आम्हाला तेही सुचलं नव्हतं.

माणसं काय बोलतात

बारा दिवस घरात रीघ असते. तेराव्या दिवसापासून घर मोकळं. आणि त्या बारा दिवसांत कुणीतरी, वाईट हेतू नसताना, हमखास विचारतं: ‘पण आधी लक्षात नाही आलं?’ आमच्याकडे एका वयस्क नातेवाईक बाईंनी बायकोला विचारलं, ‘आई ना तू?’ चार अक्षरं. ती मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकली आणि तिथून निघून आलो. माझ्या हातून घडलेल्या चुकांची मोजदाद करायची तर ‘सकाळी नेऊ’ त्यात असेल नसेल. ते निघून येणं नक्की आहे. आपल्या समाजात मुलाच्या आजारपणाचा जाब आईला विचारतात आणि निर्णय मात्र बाप घेतो. त्यामुळे दोघांच्या वाट्याला टोचणी येते, फक्त वेगवेगळ्या दारांनी.

बापाचं दुःख तर कुणाला दिसतच नाही. एक तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला असलेला तरुण, त्याची बायको आठव्या महिन्यात होती आणि पोटातच मूल गेलं. त्याने ते व्हिडिओ कॉलवर पाहिलं. घरी पोचायला त्याला नऊ दिवस लागले. जो भेटेल तो विचारायचा, ‘बायको कशी आहे?’ विचारणं योग्यच होतं. पण ‘तू कसा आहेस’ असं एकानेही विचारलं नाही. आणि मूल जन्मालाच आलं नाही म्हटल्यावर विधी नाहीत, नाव नाही, फोटो नाही. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाला नाव दिलं. मराठीत त्याला ‘हक्क नाकारलेलं दुःख’ म्हणता येईल. तिची टोचणी होती, ‘मी जिना उतरायला नको होता.’ त्याची होती, ‘मी तिथे नव्हतो.’ तो पुढच्या करारावर लवकर निघून गेला. तिला वाटलं, पळाला. तो सांगतो, तिच्या नजरेला नजर देता येत नव्हती म्हणून गेलो.

शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांची एक गोष्ट मला फार हवीशी वाटते. महिन्याची मीस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना असते, वर्षाची असते, आणि २ नोव्हेंबरला सगळे सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत जाऊन थडगी साफ करतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. नवरा-बायको दोघांनी मिळून नाव घ्यायचा दिवस पंचांगातच ठरलेला. आमच्याकडे लहान मुलांसाठी तसं फारसं काही नाही. मग ते आपल्यालाच ठरवावं लागतं. एक जोडपं दरवर्षी मुलाच्या वाढदिवसाला त्याच्या शाळेत वह्या देतं. दोघं मिळून वह्या निवडायला बाजारात जातात, आणि त्या दुकानात उभं राहून त्याच्याविषयी बोलतात.

चूक खरोखरच झाली असेल तर

‘तुझा काही दोष नाही’ हे वाक्य आपण घाईने बोलतो. बोलणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं, ऐकणाऱ्याचं तोंड बंद होतं. आणि कधीकधी ते खरंही नसतं.

एका बापाने सोळा वर्षांच्या मुलाला स्कूटर चालवायला दिली. वळणावर अपघात झाला, मुलगा गेला. आपल्या रस्त्यांवर दुचाकीचे अपघात ऐकले नाहीत असा आठवडा जात नाही. त्या आईने आधी चारदा सांगितलं होतं की देऊ नका. आता त्या बापाला ‘तुझा दोष नाही’ म्हणणं त्याला वेड्यात काढण्यासारखं आहे. त्याला ठाऊक आहे. अशा वेळी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात: चूक आणि हेतू. चूक झाली. मरण यावं असं त्याच्या मनात नव्हतं. मुलाला आनंद व्हावा एवढंच होतं. चूक मोठी आहे म्हणून प्रेम लहान ठरत नाही. आणि त्या आईचा राग खरा आहे, त्याला जागा हवी. ‘झालं ते झालं, आता त्यांना बोलून काय उपयोग’ असं म्हणून नातेवाइकांनी तिचा राग दडपला, तर तो बाहेर यायला आयुष्यभर दुसऱ्या वाटा शोधत राहील. मीठ जास्त पडलं यावरून, लाइट चालू राहिली यावरून. त्या दोघांमध्ये जे घडलं ते मी पाहिलं. एका संध्याकाळी तो म्हणाला, ‘तू सांगत होतीस. मी ऐकलं नाही.’ एवढंच, पुढे ‘पण’ नाही, स्पष्टीकरण नाही. ती खूप ओरडली. तो उठून गेला नाही. त्यानंतर कितीतरी महिन्यांनी ती त्याच्याबरोबर बाजारात गेली. त्यांचं सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. ती दोघं एकत्र आहेत.

मूल गेलं की दहातले आठ-नऊ संसार मोडतात, असं परदेशात वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगितलं जायचं. मूल गमावलेल्या पालकांच्या ‘द कंपॅशनेट फ्रेंड्स’ या संघटनेने अमेरिकेत पाहणी केली तेव्हा घटस्फोटाचं प्रमाण १९९९ मध्ये १२ टक्के आणि २००६ मध्ये १६ टक्के निघालं. म्हणजे बहुतेक संसार टिकतात. आपल्याकडे घटस्फोट तसेही कमी, त्यामुळे हा आकडा आपल्याला फार काही सांगत नाही. आपल्याकडे विचारायला हवं ते वेगळं: एका घरात राहून ती दोघं एकमेकांना शेवटचं कधी भेटली?

दुःख कितीही लांबलं तरी आजार म्हणता येत नाही, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत २०२२ पासून लांबलेल्या शोकाच्या विकाराची नोंद आहे. सहा महिने उलटून गेले तरी ओढ, वेदना किंवा टोचणी इतकी तीव्र की रोजचं जगणंच ठप्प झालंय, आणि आपल्या समाजाच्या रीतीनेही ते फार वाटतंय, तर मदत घ्यावी. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या नियमावलीत मोठ्यांसाठी हीच मुदत एक वर्षाची आहे. ‘मीही जावं’ असे विचार येत असतील तर कसलीच मुदत बघू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही मिळते. गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तनाची सरकारी संस्था आहे. ‘बांबोळीला गेला’ हे शब्द आपल्याकडे टोमण्यासारखे वापरतात, म्हणून माणसं तिथली पायरी चढत नाहीत. मी चढलो. ओपीडीच्या बाकावर माझ्याच गावचा एक जण भेटला. दोघांनी एकमेकांना ओळख दिली.

नदीवर

तोंड उघडायचं कसं, हे सगळे विचारतात. मला एवढंच सांगता येईल की समोरासमोर बसून ‘आता आपण बोलू या’ असं ठरवलं की जीभ टाळ्याला चिकटते. शेजारी शेजारी बसलं की सोपं जातं. भाजी निवडताना, गाडीत, चालताना. नजर दुसरीकडे असली की शब्द येतात. आणि सुरुवात ‘तुझं चुकलं’ किंवा ‘तुझं नाही चुकलं’ यातल्या कशानेच करू नये. ‘त्या रात्रीचं तुला काय आठवतं?’ एवढं विचारून थांबावं. मग उत्तर येईपर्यंत गप्प बसावं, पाच मिनिटं लागली तरी.

आमचं झालं ते ठरवून नाही झालं. चोडणला लग्न होतं, रायबंदरच्या धक्क्यावर गाड्यांची रांग, पाऊस, काचा बंद. बोट त्या काठाला होती. बायको समोर बघत होती. ती म्हणाली, ‘त्या रात्री मी तुम्हाला ताप उतरला म्हणून सांगितलं नसतं, तर तुम्ही नेली असती.’

मला कळेना ती कशाबद्दल बोलतेय. माझ्या आठवणीत ती म्हणत होती, ‘आत्ताच नेऊ या,’ आणि मी म्हणालो, ‘सकाळी नेऊ.’ तिच्या आठवणीत मी किल्ली हातात घेतली होती, आणि तिने बायच्या कपाळाला हात लावून म्हटलं होतं, ‘उतरला ताप, झोपू द्या तिला.’ तिने सिरप दिलं होतं आणि तो त्याने उतरला असं तिला वाटलं होतं. आठ वर्षं ती स्वतःला म्हणत होती की मीच थांबवलं. आठ वर्षं माझ्या गप्प बसण्यात तिला ऐकू येत होतं: ‘तू सांगितलंस म्हणून थांबलो.’

खरं कोणाचं, हे आता कळायची सोय नाही. बहुधा दोघांनीही थोडं थोडं म्हटलं असेल. मी तिला म्हटलं, ‘सकाळी नेऊ असं मी म्हणालो होतो.’ ती म्हणाली, ‘तुम्ही असं म्हणालात हे मला आठवतसुद्धा नाही.’ ज्या दोन शब्दांसाठी मी इतकी वर्षं तिची नजर चुकवली, ते तिच्या आठवणीत नव्हतेच. मागून हॉर्न वाजायला लागले, बोट लागली होती. मला गाडी सुरू करता येईना. मागच्या टेंपोवाल्याने खिडकीशी येऊन आत पाहिलं, आणि काही न बोलता मागच्या गाड्यांना बाजूने जायची खूण केली. आम्ही त्या बोटीने गेलो नाही. पुढच्या बोटीने गेलो.

त्यानंतर एका रात्रीत काही बदललं नाही. ती अजूनही कपाळाला हात लावून ताप बघत नाही, थर्मामीटर लागतोच. मी अजून पावसात रात्री दोनदा उठतो. फक्त उठलो की ती विचारते, ‘काय आठवलं?’ आणि मी सांगतो.

त्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी मी माटोळी बांधत होतो. एक कवंडाळ नेहमीसारखं कडेला, लांब दोरीला, खाली सोडलं. ती आतून आली, सवयीने दोरीला हात घातला आणि थांबली.

‘हे बायचं?’

‘हो.’

गाठ थोडी सैल होती. ती तिने घट्ट केली.